गहाण पडलेली संध्याकाळ

एका राज्यात संध्याकाळ होत नसे. दुपार जरा कलली, की सूर्य जागच्या जागी विझे आणि एकदम रात्र पडे, पातेल्यावर झाकण पडावं तशी. गुरं रानातच अडकत. पाखरं घरटी शोधत चाचपडत. दिवेलागण कोणत्या घटकेला करावी, हेच घरोघरी कळेनासं झालं होतं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्या राज्याची संध्याकाळ चांगली लांबलचक असे. माणसं तळ्याच्या पायऱ्यांवर नुसती बसून राहत, कामाचं बोलणं तिथं कुणी काढत नसे. आया मुलांना हाका मारत आणि मुलं ‘आलो, आलो’ म्हणत येत नसत. अहो, काय सुख होतं ते! आणि ते गेलं कशापायी? एका भिडेपायी.

झालं असं, की दुष्काळाच्या साली तळं आटलं. राजा सुबाहू डोंगरावर धूम्रकेश मांत्रिकाकडे गेला. धूम्रकेश पाणी कर्जाऊ देई. आणि माणूस किती गोड! राजाला त्यानं स्वतःच्या आसनावर बसवलं, गूळपाणी दिलं, राणीची प्रकृती विचारली. मग म्हणाला, “तळंभर पाणी आजच न्यावं. दर पावसाळ्यात तळं भरलं, की निम्मं मला पोचवावं. फेड होईतो आपली संध्याकाळ माझ्याकडे गहाण राहील.”

हे किती वर्षं चालायचं, असं राजाच्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या भल्या माणसाला विचारायचं कसं? त्याला काय वाटेल? राजानं हातावर हात मारला आणि तो घरी आला. रणात छाती पुढे करणारा हा राजा सावकारापुढे नुसती मान हलवून मोकळा झाला, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी राजकन्या इंदुला जन्मली, आणि ती रांगू लागण्याआधीच राणी वारली. इंदुला मोठी झाली, राजा म्हातारा झाला. हप्ते चालूच होते, संध्याकाळ काही परत येत नव्हती. मग राजाची नजर मंदावली. वैद्य म्हणाले, “महाराज, पौर्णिमेनंतर दिसायचं नाही.”

राजा म्हणाला, “त्याआधी एक संध्याकाळ पाहायला मिळाली असती, तर बरं झालं असतं.”

इंदुलेनं ते ऐकलं आणि ती त्याच दुपारी डोंगराकडे निघाली.

वाटेत बोरीवर एक म्हातारा भारद्वाज बसला होता. त्यानं विचारलं, “राजकन्ये, तलवार घेऊन कुठे?”

“संध्याकाळ सोडवायला.”

“तलवार इथेच ठेव. धूम्रकेशाला एक बंधन आहे. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला द्यावंच लागतं. तीन प्रश्नांपर्यंत तो बांधलेला आहे.”

“मग आजवर कुणीच कसं विचारलं नाही?”

“तो विचारू देत नाही. तो पाहुणचार करतो,” असं म्हणून पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला.

धूम्रकेश दारातच उभा होता. त्यानं तिला मऊ आसन दिलं. त्यावर बसताच तिच्या जिभेला जडपणा आला. ती झटकन उभी राहिली आणि म्हणाली, “आम्ही इतकी वर्षं देतो आहोत. आता किती उरलं?”

मांत्रिकाचं हसू जरा कमी झालं. “सगळंच उरलं. दिलंत ते व्याज. मुद्दल जसंच्या तसं आहे.”

त्यानं लगेच वाळ्याचं सरबत पुढे केलं आणि तिच्या आजोबा-पणजोबांची अशी काही स्तुती मांडली, की पुढे बोलणं उद्धटपणाचं वाटावं. तिला वाटलंही. तरी तिनं पेला खाली ठेवला. “मुद्दल एकदम फेडायचं तर?”

“भरलेलं तळं एका दिवशी आणून द्यावं.”

“पण दरवर्षी निम्मं आपणच नेता. ते भरलेलं राहील कसं?”

“हा तिसरा प्रश्न समजू का?” धूम्रकेशानं प्रेमानं विचारलं. “नको,” भारद्वाज तिच्या कानाशी म्हणाला.

तिनं तो प्रश्न मागे घेतला. एकच प्रश्न हाती होता, आणि तो चुकला तर आबासाहेबांची नजर तशीच जाणार होती. तिला रडू येऊ लागलं. तिनं मान खाली घातली, आणि तिला फरशीवर आपली सावली दिसली. सावली पूर्वेकडे पडली होती, चांगली लांब, पार भिंतीपर्यंत. पूर्वेकडे एवढी लांब सावली तिनं जन्मात पाहिली नव्हती. अंगणातलं ऊन पिवळं होतं, मऊ होतं, आणि डोंगराखाली तर अजून दुपार होती.

तिनं डोळे पुसले. “गहाणाची वस्तू सावकारानं स्वतः वापरली, तर काय होतं?”

धूम्रकेशानं सरबताचा पेला पुन्हा तिच्यापुढे सरकवला. पण बंधन ते बंधन. “तर व्याज लागत नाही. दिलेला थेंब न् थेंब मुद्दलात जमा होतो.”

“म्हणजे कर्ज केव्हाच फिटलं. जास्तीचं पाणी परत करावं. आणि आमची संध्याकाळ.”

मांत्रिक आसनावर बसला. आता तो फार म्हातारा दिसत होता. “राजकन्ये, मला इथे हाक मारणारं कुणी नाही. या उजेडात बसलं, की आई आत स्वयंपाक करते आहे असं वाटायचं. म्हणून वापरली.”

इंदुलेला त्याची दया आली. ती म्हणाली, “तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसावं. तिथे भाडं पडत नाही.”

ती डोंगर उतरू लागली, आणि संध्याकाळ तिच्या मागोमाग निघाली, घरच्या ओढीनं चालणाऱ्या गाईसारखी. उन्हाचा रंग बदलला. रानातून गुरं परतली. सगळं राज्य दाराबाहेर येऊन उभं राहिलं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना धारा लागल्या. लेकरांना मात्र हे सगळे का रडताहेत, ते कळेना.

राजा पायरीवर बसला होता. इंदुला धावत येऊन त्याच्याशेजारी बसली. “आबासाहेब, पाहा ना, तळ्याकडे पाहा!”

राजा तळ्याकडे पाहीना. तो तिच्याकडेच बघत राहिला.

“या उजेडात मी तुला कधी पाहिलंच नव्हतं, बाळ,” तो म्हणाला. “तू तर थेट तुझ्या आईसारखी दिसतेस.”

त्या दिवशी अंधार पडायला बराच वेळ लागला, आणि तो पडेपर्यंत दोघं तिथून उठली नाहीत.