धुरपाच्या दगडाची जागा

ऐका, पण आमच्या शेवरगावची थोरवी ऐकायला बसला असाल तर उठा. ही गोष्ट सांगताना आमची मान खालीच जाते.

फार वर्षांपूर्वी आमचा आठवडी बाजार काळ्या मातीत भरायचा. पावसाळ्यात पोटरीपर्यंत चिखल. कापडवाले आपल्या गाड्यांवर बसायचे, भाजीवाल्या आणि मडकी विकणारे चिखलात. नदीपलीकडून धुरपा नावाची बाई केरसुण्या विकायला यायची. एकदा तिने भाऱ्यावर नदीतला सपाट दगड ठेवून आणला, बाजाराच्या मधोमध बसवला आणि त्यावर बसली. शेजारणीला म्हणाली, "फुडल्या बाजाराला तूबी आन."

मग डोक्यावर ओझं घेऊन येणारं कुणी दगडाशिवाय येईना. असं म्हणतात, नदीच रातोरात सपाट दगड काठाला आणून ठेवायची. धुरपा एकेक बसवायची. तिचे केस पिकले तोवर सगळा बाजार फरसबंद झाला. गावाने त्यात एक खडा टाकला नव्हता. नारळ फोडायला मात्र सगळं गाव पुढे!

नारळ फुटला आणि पंच म्हणाले, "धुरपे, तुमी आता कडंला बसा. हितं कापडवाले बसतील. त्यांचा माल भारी."

"माल भारी आसंल, दादा. पन दगडं आमच्या डोक्यावरनं आल्यात." मग ती गावाकडे वळली. "कुनाला काय बोलायचं न्हाई का?"

कुणी वहाण नीट केली, कुणी उगाच आभाळ बघितलं. जिचं तापलेलं पोर धुरपाने भर पावसात पदराखाली धरलं होतं, तीसुद्धा बांगड्या बघत राहिली. लाज वाटते हो सांगायला.

धुरपा भांडली नाही. तिने आपला पहिला दगड उपसला, डोक्यावर घेतला आणि निघाली. नदीला पूर होता. असं म्हणतात, पाण्याने तिला वाट दिली आणि तिच्यामागे मिटवून टाकली.

इकडे त्या खड्ड्यातून चिखल वर येऊ लागला. फरशी बुडाली, कापडाचे तागे भिजले. गावाने खड्ड्यात मोठमोठे धोंडे टाकले, ते चिखलाने गिळले. शेवटी पंच अनवाणी उतरले आणि कडेला बसवलेल्या एकेकीला हात धरून फरशीवर घेऊन आले. तेव्हा कुठे चिखल ओसरला. धुरपाला शोधायला माणसं पलीकडे गेली, पण ती सापडली नाही.

आजही आमच्या बाजारात जो आधी येईल तो हवं तिथे बसतो. त्याला कुणी उठवत नाही. धुरपाच्या दगडाची जागा भर उन्हाळ्यातही ओली असते. बाजाराला आलेला प्रत्येक गावकरी तिथल्या चिखलात पाय बुडवतो आणि तसाच घरी येतो. दारात पोरं विचारतात, "तवा आपल्यातलं कोन बोललं?"

"कुनीच न्हाई," असं तोंडाने म्हणायचं. मगच पाय धुवायचा.