वेशीतला वीरगळ

आज पहाटेपासून धुकं उतरलंय. वारा नाही, समोरची खिंड दिसत नाही. त्या दिवशीही असंच होतं म्हणतात. जरा जपून या, दगड ओले आहेत. आमच्या निवळे गावचे सगळे वीरगळ देवळापुढे ओळीनं उभे आहेत. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड तिथंच बसवायचा, ही रीत. हा एकच इथं वेशीच्या तोंडाशी आहे. तो का, ते सांगतो. मी वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे.

फार मागची गोष्ट. आमचे देशमुख आणि घाटापलीकडच्या गोठणीचे देशमुख यांच्यात खिंडीतल्या कुरणावरून लढाई लागली. पौषात दोघेही थकले. वद्य दशमीला दोघांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, तह झाला. खिंडीतल्या चौक्यांना डोंगरावर धूर करून कळवायचं ठरलं होतं. धूर केलाही, पण धुक्यात धूर कुणाला दिसणार? आणि धूर दिसलाच असेल म्हणून माणूस धाडायला उशीर झाला. त्रयोदशीला चौकीवरचा आमचा बहिरू गोठणीच्या हैबतीच्या भाल्यानं पडला. तहाचा पत्ता दोघांनाही नव्हता. सांगावा घेऊन माणूस वर पोचला, तेव्हा अंग अजून कोमट होतं म्हणे.

बहिरूला झोळीत घालून वेशीबाहेरपर्यंत आणलं, हैबतीला दोरीनं बांधून. बहिरूची बायको धोंडाई पुढं आली. देशमुखांच्या कारभाऱ्यांनी कागद काढला.

"लढाई दशमीला संपली. हा त्रयोदशीला गेला. याला वीरगळ नाही."

"मग तो कशात मेला म्हणायचा?"

"खून झाला, बाई."

खून म्हटला की त्याचा बदला आलाच. धोंडाईचा दीर राघू तलवार घेऊनच उभा होता. माळावर गोठणीची माणसं आपल्या हैबतीसाठी जमली होती, तीही हत्यारं घेऊन. हैबतीला हात लागला असता तर तीन दिवसांचा तह तिथंच मोडला असता.

धोंडाईनं कागदाकडे बोट केलं. मग म्हणाली, "कारभारी, लढाई लागली कधी, ते काय लिहिलंय?"

"दसऱ्याला. शिलंगणाला आपली माणसं वेस ओलांडून गेली, त्या दिवशी."

"पहिला माणूस तर दिवाळी झाल्यावर पडला. दसऱ्याला तुम्ही आपट्याची पानं वाटत होता."

"पडण्यावर नसतं ते. वेस ओलांडली की लागली."

"मग येतानाही वेसच धरा. माझा माणूस अजून वेशीबाहेर आहे."

राघू कडाडला, "वैनी, असं बोललीस तर खून राहत नाही, हा सुटतो! कळतंय का तुला?"

"कळतंय, भावजी. सुटू दे."

हे म्हणताना तिचा आवाज फाटला, एवढंच सांगतात.

कारभाऱ्यांनी दशमी खोडून त्रयोदशी लिहिली. हैबतीच्या दोऱ्या सोडल्या. बहिरूला वेशीतून आत आणलं, तेव्हा चौथा खांदा हैबतीचा होता. कोणी म्हणतं, राघूनंच त्याला पुढं बोलावलं. कोणी म्हणतं, राघूनं नुसतं तोंड फिरवलं. मला दुसरं खरं वाटतं. लढाई या जागी संपली, म्हणून दगडही या जागी.

आजही दसऱ्याला आम्ही शिलंगणाला वेशीबाहेर जातो, पण सोनं लगेच देत नाही. शेवटचं माणूस आत येईपर्यंत सगळे आपट्याची पानं हातात धरून थांबतात. लेकरं कुरकुरतात, तरी थांबतात. मागच्या साली माझ्या गुडघ्यानं दावा साधला, शेवटचा मीच. उन्हं कलली होती, अख्खं गाव तिष्ठत उभं, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा शेजारचा शिदू गुरव आतून ओरडला, "दमानं या, तात्या. तुम्ही आत आलात की संपली."