ढकलरावाच्या जोडखोल्या आणि परीक्षक गहिनीनाथ

एका गावात एक भोळा परीक्षक होता. परीक्षकाने भोळं असू नये असा काही कायदा नाही, म्हणून तो होता. नाव गहिनीनाथ.

तो परीक्षक कसा झाला ते आधी सांगतो, कारण त्यात त्याचा काही दोष नाही. दोष शहाण्यांचा आहे. त्या वर्षी ढकलराव नावाचा खेळ घराघरात शिरला होता. मोबाइलवर, संगणकावर, जिथे जमेल तिथे. खेळ अगदी सोपा. एक टोपीवाला बुटका, तो ढकलराव. एक बंद खोली. खोलीत पाच-सहा धोंडे आणि जमिनीवर तेवढ्याच पांढऱ्या फरश्या. धोंडे ढकलून फरश्यांवर बसवले की दार उघडतं आणि ढकलराव पुढच्या खोलीत जातो. त्याला धोंडा ओढता येत नाही, नुसता ढकलता येतो. एवढ्यावर चांगली कमावती माणसं ताटावर बसून जेवायचं विसरायची.

पुढे पुढे लोकांना मूळ खोल्या पुरेनात. मग शौकीन मंडळी स्वतःच नव्या खोल्या रचून खेळाला जोडू लागली. त्यांना म्हणायचे जोडखोल्या. खेळ काढणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयाने स्पर्धा घ्यावी आणि एकाच्या जोडखोल्या निवडून रविवारी सहाच्या आत पाठवाव्यात. त्या खऱ्या खेळात जोडल्या जातील, आणि त्यांच्या पहिल्या दारावर रचणाऱ्याचं नाव लागेल. जगात जो कोणी ढकलराव खेळेल तो ते नाव वाचून आत जाईल.

वाचनालयाकडे तीन अर्ज आले. पहिला सरपंचांच्या पुतण्याचा. त्याने मूळ खेळातल्याच खोल्या उचलून त्यांना पिवळा रंग दिला होता आणि ह्याला तो नवनिर्मिती म्हणत होता. दुसरा श्रीरंग कंपाउंडरचा. त्याने प्रत्येक खोलीत एक अस्वल सोडलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

तिसरा अर्ज रुक्साना शिकलगारचा. रुक्साना ब्लाउज शिवायची. चौदा महिने तिने कटिंगच्या कागदांच्या मागच्या बाजूला खोल्या आखल्या होत्या, आणि दुपारी वाचनालयात येऊन त्या संगणकावर चढवल्या होत्या. अर्ज देताना ती ग्रंथपाल प्रमिलाबाईंना म्हणाली, "बाई, बक्षीस नको मला. दुकानावर सासऱ्यांच्या नावाची पाटी आहे, घरावर दिरांच्या. एखाद्या दारावर माझं नाव लागलेलं बघायचंय."

आता परीक्षक कोण? अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "परीक्षक तटस्थ पाहिजे." ढकलराव खेळणारा प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या बाजूचा निघाला. तेव्हा आबासाहेबांनी तटस्थपणाचा अर्थ लावला, की ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही तो खरा तटस्थ. असा गावात एकच होता. गहिनीनाथ. डेअरीत दुधाची फॅट काढायचा. "दुधातलं पाणी ओळखतो," आबासाहेब म्हणाले, "मग ह्यात काय एवढं अवघड?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे परीक्षक असेच नेमतात, म्हणून पुढचं कुणाला खटकलं नाही.

गहिनीनाथाला एक गोष्ट मात्र फार छान यायची. सांगितलेलं तो विसरायचा नाही. कुठे वापरायचं एवढंच काय ते त्याला कळायचं नाही.

शुक्रवारी सकाळी प्रमिलाबाईंनी त्याला संगणकापुढे बसवलं आणि बजावलं, "अर्धवट सोडायचं नाही. दार उघडल्याशिवाय उठायचं नाही."

"बरं बाई. लक्षात ठेवीन."

पुतण्याच्या पहिल्याच खोलीत त्याने पहिलाच धोंडा कोपऱ्यात घातला. कोपऱ्यातला धोंडा कुणाच्या बापाला निघत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक. गहिनीनाथ ढकलत राहिला. साडेदहाला बसला होता, संध्याकाळी पाचला बाई बघायला आल्या तेव्हाही तेच बटण दाबत होता. डबा शेजारी तसाच पडलेला.

"अरे, जेवलासुद्धा नाहीस?"

"दार उघडलं नाही ना बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "गहिनीनाथ, असं अडकलं ना, की होतं ते सगळं तिथेच सोडायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. समजलं?"

"बरं बाई. लक्षात ठेवीन."

शनिवारी सकाळी तो सायकलवरून निघाला. वाटेत नळासाठी चारी खणलेली, तिच्यात पुढचं चाक अडकलं. गहिनीनाथाला लगेच आठवलं. त्याने सायकल तिथेच सोडली, चालत घरी गेला, अंथरूण घातलं आणि डोळे मिटून पडला. मग उठला. दात घासले, आंघोळ केली, चहा मागितला. बायको म्हणाली, "आत्ताच तर घेतला." तो म्हणाला, "तो मागच्या वेळचा."

तो पुन्हा निघाला. चारीपाशी आला तर सायकल अडकलेलीच. पुन्हा घरी, पुन्हा अंथरूण. तिसऱ्या आंघोळीला बायकोने पाणी द्यायचं नाकारलं, तेव्हा थंड पाण्याने केली. वाचनालयात पोचायला त्याला बारा वाजले, आणि तेही सायकल कुणीतरी बाजूला काढून ठेवली म्हणून.

बाई वैतागल्या. "उद्या सहापर्यंत निकाल पाठवायचाय आणि तू आंघोळी करत बसलास? वाटेत काही आडवं आलं तर ढकलून पुढे व्हायचं. अरे, तो ढकलराव काय करतो?"

"ढकलतो."

"मग?"

"बरं बाई. लक्षात ठेवीन."

तो संगणकाच्या खोलीकडे वळला. दारात आबासाहेब पाठमोरे उभे राहून पेपर वाचत होते. गहिनीनाथाने दोन्ही तळवे त्यांच्या पाठीला लावले आणि ढकलायला सुरुवात केली. आबासाहेब म्हणाले, "कोण रे, काय करतोस?" पण धोंडा बोलला तर काय करायचं ते काही सांगितलेलं नव्हतं. वाचकांच्या टेबलाला वळसा घालून, मासिकांच्या कपाटावरून, त्याने आबासाहेबांना नेऊन एका पांढऱ्या फरशीवर बरोबर बसवलं. मग दाराकडे बघत उभा राहिला. दार होतं तसंच. तेव्हा त्याने आबासाहेबांना आणखी बोटभर डावीकडे सरकवलं.

आबासाहेब पंचवीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांना जागेवरून हलवणारा हा पहिलाच. ते इतके चकित झाले की रागवायचंसुद्धा त्यांना उशिरा सुचलं.

बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "समोर कुणी जिवंत आलं तर ढकलायचं नसतं. हात जोडायचे, बाजूला व्हायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. एवढी साधी रीत कळत नाही?"

"आता कळली बाई. लक्षात ठेवीन."

पुतण्याच्या अडकलेल्या खोल्या तिथेच सोडून दुपारी त्याने कंपाउंडरच्या खोल्या उघडल्या. ढकलराव दोन पावलं चालला आणि समोर अस्वल आलं. अस्वल जिवंत होतं. गहिनीनाथाने बटणांवरचे हात काढले आणि जोडले. अस्वल आधी गेलं, ते ढकलरावाला खाऊन गेलं. त्याने पुन्हा खेळ मांडला, पुन्हा हात जोडले. असं अकरा वेळा झालं. मग त्याने गुणपत्रिकेवर लिहिलं, "खोल्या बऱ्या. अस्वलाला वळण नाही. शून्य."

ही बातमी फुटली आणि वाचनालयात जत्रा भरली. कंपाउंडर दार ठोठावून विचारू लागला, वळण नाही म्हणजे काय? पुतण्याचे मामा आले, आत्या आली. सरपंच स्वतः आले नाहीत, पण त्यांच्या वतीने चौघं आले. प्रत्येकाला गहिनीनाथ उठून हात जोडायचा आणि आधी जाऊ द्यायचा, म्हणजे आत घ्यायचा. तासाभरात खोलीत सतरा माणसं झाली आणि सगळी एकदम बोलत होती.

बाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. त्यांनी त्याच्या हातात खडू दिला. "हे बघ. दारावर काय लिहायचं ते नीट ऐक. 'आत परीक्षण चालू आहे. दार वाजवू नये. बाहेर शांतपणे थांबावे.' एवढंच. स्वतःच्या डोक्याने एक अक्षर घालू नकोस."

त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं. आणि काय सांगू, चाललं की ते. माणसं यायची, वाचायची आणि गप उभी राहायची. पुतण्याची आत्यासुद्धा. गहिनीनाथाने आयुष्यात पहिल्यांदा काही केलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. त्याला इतका आनंद झाला की तो अधूनमधून बाहेर येऊन ती पाटी स्वतःच वाचायचा.

रविवारी त्याने रुक्सानाच्या जोडखोल्या उघडल्या. आता ह्याच्यापुढे त्यांचं काय होणार, असं तुम्हाला वाटेल. पण रुक्सानाने खोल्या शिवल्याच होत्या अशा, की एक धोंडा जास्त नाही, एक फरशी कमी नाही. एक खोली एकच गोष्ट शिकवायची आणि पुढची तीच पुन्हा करून घ्यायची. चुकलं तर तिथल्या तिथे कळायचं आणि हसू यायचं. बोट धरून नेल्यासारखा गहिनीनाथ एकेक दार उघडत गेला. गावातल्या शहाण्यांना जे जन्मात जमलं नव्हतं, ते त्या खोल्यांनी एका दिवसात केलं. गहिनीनाथाला पुढे नेलं. साडेपाचला शेवटचं दार उघडलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लिहिलं, "पैकीच्या पैकी."

म्हणजे निकाल अगदी बरोबर लागला. गोष्ट इथेच संपली असती तर मला त्याला मूर्ख म्हणायला तोंड राहिलं नसतं.

पण निकाल पाठवायचा होता, आणि प्रमिलाबाई त्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याला गेलेल्या. त्याने वाचनालयाच्या फोनवरून त्यांना विचारलं. मागे सनई वाजत होती. बाई म्हणाल्या, "तीन नंबर ना? छान. संगणक विचारेल तेवढंच भर आणि पाठव. आणि हे बघ, सांगितलंय तेच लिही. स्वतःच्या डोक्याने एक अक्षर घालू नकोस."

"बरं बाई. लक्षात आहे."

संगणकाने विचारलं, कोणता क्रमांक? त्याने लिहिलं, तीन. विचारलं, कोणतं वाचनालय? त्याने पुस्तकावरचा शिक्का बघून लिहिलं. मग संगणकाने विचारलं, दारावर काय लिहायचं?

गहिनीनाथ गालातल्या गालात हसला. जगात दुसरा कुणी असता तर इथे गडबडला असता. त्याला मात्र बाईंनी कालच शब्द न् शब्द सांगून ठेवला होता. त्याने एका बोटाने, एकेक अक्षर तपासत, ते लिहिलं. सहाला दहा कमी असताना त्याने निकाल पाठवला, दारावरचा खडू ओल्या फडक्याने पुसला आणि समाधानाने घरी गेला.

दोन महिन्यांनी खेळात नव्या खोल्या आल्या. त्या दिवशी रुक्सानाने दुकान बंद ठेवलं. सासऱ्यांना, दिरांना, जावांना घेऊन ती वाचनालयात आली. अर्धा गाव होता. बाईंनी खेळ लावला. ढकलराव चालत चालत नव्या दारापाशी आला. रुक्साना पुढे झाली आणि तिने वाचलं.

"आत परीक्षण चालू आहे. दार वाजवू नये. बाहेर शांतपणे थांबावे."

रुक्सानाने ते पुन्हा वाचलं, जणू खाली कुठेतरी बारीक अक्षरात तिचं नाव असेल. मग ती बाईंना म्हणाली, "ह्या दारावर पण दुसऱ्याचीच पाटी." आणि पदर सावरून निघून गेली. बाईंना तिच्याकडे बघवेना.

बाईंनी कंपनीला पत्र लिहिलं. पण तोवर बाहेर वेगळीच तऱ्हा झाली होती. ते दार नुसतं ढकललं की उघडत होतं. ढकलतं कोण? कोडी सोडवण्यात मुरलेली ती सगळी हुशार माणसं. त्यांनी ठरवलं की थांबणं हेच कोडं आहे. कुणी तासभर थांबलं, कुणी फोन चार्जिंगला लावून चार दिवस. किती थांबायचं ह्यावर त्यांच्यात वाद झाले, गट पडले. एकाने तर थांबण्याचे सात प्रकार शोधून काढले. कंपनीचं उत्तर आलं, की लोकांना पाटी फार आवडली आहे, ती काढू नये अशी त्यांची मागणी आहे. रुक्सानाच्या खोल्यांत अजून कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं.

गहिनीनाथाला ह्यातलं कुणी काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो लक्षात ठेवील म्हणून सगळे घाबरत होते. त्याला मात्र आता खेळाची गोडी लागली होती. त्याने एक जुना मोबाइल घेतला आणि डेअरीत बसून मूळच्या सगळ्या खोल्या एकेक करून पार केल्या.

एके दिवशी रुक्साना दूध घ्यायला गेली. मापं तशीच पडलेली, गिऱ्हाईक खोळंबलेलं. गहिनीनाथ मोबाइल समोर ठेवून, हात जोडून, एका बाजूला उभा होता.

"काय करताय?" तिने विचारलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "शांतपणे थांबायचंय. आत परीक्षण चालू आहे."

रुक्सानाने मोबाइलवर पाहिलं, तर तिचंच दार. मग विचारलं, "कोण आहे परीक्षक?"

गहिनीनाथाने तिरस्काराने नाक मुरडलं. "कुणास ठाऊक. पण असणार कुणीतरी येडा. दोन महिने झाले थांबलोय, चार खोल्या बघून होईनात त्याच्या."