देवीचा कंबरपट्टा

अगं, हातातलं ठेव आणि आधी हे ऐक! गोष्ट फार जुनी आहे, राजेरजवाड्यांच्याही आधीची, पण ऐकल्यापासून डोक्यातून जातच नाहीये.

एका डोंगरावर देवीचं देऊळ होतं आणि पायथ्याशी नदी. जत्रेला गावातली एक मुलगी नदीच्या पाण्याची घागर डोक्यावर घेऊन वर जायची, देवीला न्हाऊ घालायची. मान कुणाला? तर देवीचा चांदीचा कंबरपट्टा जिला बसेल तिला.

सगुणाला तो मान हवाच होता. कुंभाराची पोर, माती तुडवून अंगानं भक्कम. भरली घागर घेऊन डोंगर पळत चढायची. पण पट्टा काही बसेना. तिची मैत्रीण चिमा म्हणाली, "तुझ्या म्हशीच्या गळ्यात घाल, तिला होईल." सगळ्या हसल्या. सगुणाही हसली.

आणि मग तिनं जेवणच सोडलं. आईला सांगायची आत्याकडे जेवले, आत्याला सांगायची घरी जेवले. भाकरी म्हशीला. भर उन्हात थंडी वाजायची, केस गळायला लागले. आणि गाव काय म्हणायचं? पोर आता कशी छान दिसते.

जत्रेला पट्टा बसला. ढोल वाजले. पण अर्ध्या पायऱ्यांवरच डोळ्यांपुढे अंधारी आली, घागर फुटली, सगुणा कोसळली.

चिमाच धावली. दुसरी घागर भरून आणली, एका हातानं सगुणाला सावरत वर नेलं. देवळातल्या गुरवीण आजीनं पूजेआधी सगुणाला गूळभाकरी भरवली. देवीची आंघोळ झाली. आता सगुणाच्या कमरेचा पट्टा काढून देवीला बांधायचा. ते काम दरवर्षी आजी पडदा ओढून करायची, पण आज तिचे हात गुळानं चिकट होते. म्हणून सगुणाच पुढे झाली.

पट्टा वीतभर कमी पडला.

"आजी, हा तर देवीलाच होत नाही."

"कधीच झाला नाही बाळ. मी मागून दोरा बांधते, वरून पदर टाकते."

"मग आम्हाला का व्हायला पाहिजे?"

चिमानं मान खाली घातली.

पुढच्या जत्रेआधी आजीनं सोनाराकडून देवीच्या मापानं पट्टा वाढवून घेतला. तेव्हापासून तो प्रत्येकीला होतो, आणि घागर जिला पेलते ती नेते. सगुणाला मात्र पोटभर जेवायची सवय परत लागायला बराच वेळ गेला. घागर तिनं नेली, पण दोन जत्रा उलटल्यावर.

तर बोध असा: माप माणसाला होत नसेल तर माप बदलावं, माणूस झिजवू नये.

आता तू सांग, पट्टा तुझ्या हातात असता आणि अख्खं गाव बाहेर ढोल वाजवत उभं असतं, तर तू विचारलं असतंस की गुपचूप दोरा बांधला असतास?