पाठीची माती

बाळकू वस्तादांच्या तालमीत सिदा हा एकच पठ्ठ्या उरला होता. जत्रेत शहरी पैलवानानं त्यालाही चीत केलं. शहरातून पैलवान आणणाऱ्या चेअरमन प्रतापरावांनी माइक धरला.

"इंग्रजीत म्हणतात, समोरच्याचंच फडकं करून फरशी पुसली. काय वस्ताद, आहे का उत्तर?"

वस्ताद बसूनच म्हणाले, "आमच्यात जिंकणारा पडलेल्याच्या पाठीची माती पुसतो. तुमच्या गड्यानं पुसली न्हाई, तवर आमी त्याला पैलवान म्हणत न्हाई."

पैलवान शरमला आणि सिदाची पाठ पुसू लागला. लोक हसले, चेअरमननी माइक खाली ठेवला.

सिदा हलकेच म्हणाला, "वस्ताद, त्यांचं तोंड बंद केलंसा. पर माझी पाठ गावानं दुसऱ्यांदा बघितली."

दुसऱ्या दिवशी तालमीच्या हौद्यातली माती, जी रोज सिदा उकरायचा, ती वस्तादांनी एकट्यानंच उकरली.