रंगरावांचा हरभरा आणि जावयाचा पंप

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव मुरलीधर. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि त्याच्या सासऱ्यांना, रंगरावांना, नेमकी त्याचीच धास्ती होती.

रंगरावांचा चाळीस एकर हरभरा होता. ऐन घाटे भरायला आले आणि अळी पडली. आठवडाभरात फवारलं नाही तर हातात नुसत्या काड्या येणार. त्यात रंगरावांचा पाय मोडलेला. म्हणून त्यांनी जावयाला तालुक्याला धाडलं.

"फवारणीचा पंप आणा, जावईबापू. उचलून बघा. हलका असंल तोच घ्या."

मुरलीधरानं दुकानातले सगळे पंप उचलून पाहिले. सगळ्यात हलका घेऊन आला. कुंडीतल्या गुलाबावर पाणी मारायची बाटली होती ती.

रंगरावांनी कपाळाला हात लावला. जावयाला शिव्या देता येत नाहीत, हा आपल्याकडचा मोठाच जाच आहे.

"अहो, रान केवढं, ही केवढी! रान मोठं असलं की वस्तू मोठी घ्यावी. ट्रॅक्टरला जोडायचा पंप आणा. आणि औषधाचं पाणी गाळायला एक गाळणी."

मुरलीधर पुन्हा गेला. गाळणी म्हणून वाळू चाळायची लोखंडी चाळण आणली. पंप आणला तो उंच आंब्यांवर फवारायचा. दुकानदार म्हणाला होता, "पाहुणे, ह्याच्याहून मोठा जिल्ह्यात नाही." दोन वर्षं तो पंप त्याच्या गळ्यात पडला होता. रानात सुरू केला तर फवारा हरभऱ्यावरून उडून थेट देवळाच्या कळसावर. हरभरा कोरडा, कळस चकचकीत.

हे ऐकून रंगराव म्हणाले, "हरभरा गुडघ्याएवढा, जावईबापू! पंप पिकाच्या उंचीचा पाहिजे. आधी साध्या पाण्यावर चालवून बघा, मगच घ्या."

ह्या खेपेला पंप बरोबर निघाला. लांब आडव्या दांडीचा, खाली फवारणारा. मुरलीधरानं तो दुकानातच चालवून बघितला. खताची पोती भिजली, बियाणं भिजलं, गल्ल्यावर बसलेला दुकानदार भिजला. "झकास चालतोय," असं त्यालाच सांगून मुरलीधर पंप घेऊन आला.

एव्हाना चार दिवस गेले होते. अळी घाट्यांत शिरली होती. रंगरावांनी खाटेवरूनच बजावलं, "औषध विषारी असतं. तोंडाला फडकं बांधा. आणि काही झालं तरी वारा पाठीशी ठेवा. तोंडावर घ्यायचा नाही."

"नाही घेणार, मामा."

सकाळी चाळीस एकरांचं औषध ट्रॅक्टरवर लादून मुरलीधर निघाला. वारा पश्चिमेचा. तो पाठीशी घेतला, पंप सुरू केला. एक पट्टा छान झाला. मग बांध आला. वळावं तर वारा तोंडावर येणार. मुरलीधर वळला नाही. शेजाऱ्याच्या रानात शिरला. तिथून पुढच्याच्या. टाकी संपली की वाटेतल्या विहिरीवर भरायची, औषध घालायचं आणि पुढं चालायचं.

तीन दिवस जावयाचा पत्ता नाही. ट्रॅक्टरच्या आवाजात त्याला फोन ऐकू येईना. शेवटी त्यानंच फोन केला.

"मामा, आठवं गाव चाललंय. माणसं लई चांगली. कालच्या गावानं शाल-नारळ दिला. सरपंच म्हणाले, असा दानशूर सासरा बघितला नाही."

"अहो, इथं सगळ्या हरभऱ्याच्या काड्या झाल्या!" रंगराव ओरडले. "माघारी फिरा!"

"काळजीच करू नका, मामा," मुरलीधर म्हणाला. "वारा फिरला की मी फिरलोच."