गेल्या आठवड्याची रद्दी

१९६६ सालच्या ज्येष्ठात, उन्हाळा सरत आला असताना, गोदा तारळेकर विद्यापीठात प्रवेशाच्या मुलाखतीला गेली. इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाची एकच जागा उरली होती. ती हुकली तर घरचे तिचं लग्न उरकणार होते.

मुलाखत घेणाऱ्या इतिहासकार डॉ. घारपुऱ्यांनी देशोदेशींचे तह विचारले. गोदाने सगळे सांगितले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कुठं वाचलंस हे?"

"बाबूमियांच्या रद्दीच्या दुकानात, सर. चाचांना वाचता येत नाही, पण नकाशा दिसला की ते पान माझ्यासाठी ठेवतात. पैसे घेत नाहीत."

"रद्दी वाचून परराष्ट्रनीती कळते होय गं?"

"सर, तुमचं नाव झालं ते वाण्याच्या पुड्यांतून सोडवलेल्या मोडी पत्रांवर. ती दोनशे वर्षांची रद्दी. माझी तर गेल्याच आठवड्याची आहे."

शेजारचे परीक्षक मोठ्याने हसले. घारपुऱ्यांनी चष्मा पुसला आणि प्रवेशाच्या अर्जावर सही केली.

बाबूमियांचा मुलगा एडनच्या बंदरावर कामाला होता आणि तिथे इंग्रजांविरुद्ध लढा पेटला होता. गोदा दर रविवारी दुकानात जाऊन एडनची प्रत्येक बातमी चाचांना वाचून दाखवू लागली. तो सुखरूप घरी येईपर्यंत तिने एकही रविवार चुकवला नाही.